तेलकट खडू

ज्या माणसाकडून मी नियोजन शिकले त्याच माणसाने मला फसवलं, ही गोष्ट मला अजून पचलेली नाही. ते लाचखाऊ असते, कामचुकार असते, तर चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते. तसे ते नव्हते. नव्वदच्या दशकात साताऱ्यातल्या ज्या सरकारी कचेरीत मी नोकरीला होते, तिथे ते आमचे साहेब. कचेरी कुठली ते सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. त्या अख्ख्या इमारतीत पुस्तक वाचणारा आणि हाताखालच्या माणसाला आधी 'बसा' म्हणणारा तेवढा एकच माणूस होता.

आमचं काम जिल्ह्याच्या योजना आखायचं, असं बाहेर सांगायचं. खरं तर योजना वरून आखूनच यायच्या. आम्ही त्या तालुक्यांना वाटून द्यायच्या, कुणी किती करायचं ते उद्दिष्ट लिहायचं, आणि दर महिन्याला 'साध्य' किती झालं ते गोळा करून पुन्हा वर पाठवायचं. मी फलटणकडची, छप्पन साली धर्म बदललेल्या घरातली, घरातली पहिली पदवीधर. माझे वडील देव मानत नसत, पण पंचवार्षिक योजना मानत. आपल्याला शाळा मिळाली, वसतिगृह मिळालं, तुला नोकरी मिळाली, ते कुणीतरी आधी बसून कागदावर मांडलं होतं म्हणून, असं ते आल्यागेल्याला सांगत. तेव्हा मी त्या कचेरीत शिरले ती नुसती पगारासाठी नव्हे. आता हसू येतं, पण मी तिथे विश्वासाने गेले होते.

साहेब तरुणपणी कोयनानगरला नोकरी करून आलेले. भूकंपाच्या गावात राहिल्यामुळे असेल, साताऱ्यातही त्यांनी आपलं फायलींचं कपाट भिंतीतल्या खिळ्याला तारेने बांधून घेतलं होतं. शिपाई पाठीमागे हसायचे. दुपारी डबा खाताना साहेब मला समोर बसवून घेत आणि बोलायला लागत. पहिल्या योजनेत काय ठरलं होतं, दुसरीत कारखान्यांकडे कल का गेला, धान्याची ओढाताण झाली तेव्हा कुणाचं काय चुकलं, सगळं घरातल्या भानगडी सांगाव्यात तसं रंगवून सांगायचे. मी चपाती हातात धरून ऐकत बसायची.

एकदा म्हणाले, "धरणवाल्यांनी धरण बांधलं, शंभर टक्के. कालवेवाल्यांनी कालवा खणला, शंभर टक्के. कालव्यापासून शेतापर्यंतची चारी कुणाच्याच यादीत नव्हती. मग काय, सगळ्यांची कामं पुरी आणि शेत कोरडं. आपल्याकडे योजना वाईट असतात म्हणून फसत नाहीत. दोन चांगल्या योजना शेजारी शेजारी राहतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून फसतात."

हे मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं होतं. एवढं नेमकं निदान मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही फारसं ऐकलं नाही.

एकमेकींशी बोलायची सोय म्हणून समन्वयाच्या बैठका असत. प्रत्येक खात्याचा माणूस आपापली फाईल छातीशी धरून यायचा आणि तशीच परत न्यायचा. सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर व्हायचं, ते म्हणजे बैठक जेवणाआधी संपवायची. दिल्लीत त्या काळात सगळं खुलं झाल्याच्या बातम्या होत्या, योजनांचे दिवस संपले असं पेपरात यायचं. आमच्याकडे मार्च महिना होता तसाच होता, घाईचा.

अशाच एका मार्चमध्ये माझ्या टेबलावर दोन कागद एकाखाली एक आले. एका कागदावर खेड्यातल्या बायकांचे गट करून त्यांना धंदा शिकवायची योजना होती. धंद्यांच्या यादीत मेणबत्ती, उदबत्ती, पापड आणि खडू. दुसऱ्या कागदावर प्राथमिक शाळांना फळे आणि खडू पुरवायची योजना. दोन्ही खाती वेगळी, साहेबलोक वेगळे, कागदाचा रंगसुद्धा वेगळा. मी पेन्सिल घेतली आणि एका कागदावरच्या खडूपासून दुसऱ्या कागदावरच्या खडूपर्यंत सरळ रेघ ओढली. बायकांनी खडू करायचे, त्यांच्याच तालुक्यातल्या शाळांनी ते वापरायचे. इतकं सोपं. साहेबांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हे मला का नाही सुचलं?"

त्या संध्याकाळी मी राजवाड्यापासून घरापर्यंत पायी गेले, रिक्षा समोर उभ्या असताना. इतकी खूश होते.

गाव निवडलं ते रहिमतपूरच्या बाजूचं. दहा बायकांचा गट करायचा होता. गावात मी कुणाच्या ओळखीची नव्हते, आणि सरकारी बाई आली की बायका आधी दाराआडून अंदाज घेतात. दार पुरतं उघडलं ते सुभेदारीणकाकूंनी. त्यांचे यजमान लष्करात सुभेदार, तेव्हा लांब कुठेतरी सरहद्दीवर होते. काकू स्वतः चार-पाच छावण्यांत राहून आलेल्या. घरचा ऊस होता, त्यांना गटाची काही गरज नव्हती. बाकीच्या नऊ जणींना होती. त्या नऊ जणी आल्याच्या आणि उसाच्या खुरपणीला एका टोळीत जात. टोळीतली जागा सोडली की दुसरी बाई लगेच त्या जागेवर उभी राहते, पुन्हा शिरकाव मिळत नाही, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. काकूंना ठाऊक होतं. म्हणून पहिल्याच बैठकीत त्यांनी मला समोर बसवून विचारलं.

"खडू घेणार कोण?"

"शाळा घेतील, काकू. तशी योजनाच आहे."

"हे तुमी सांगताय का सरकार सांगतंय?"

"दोघंही," मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. फौजेतल्या माणसाची बायको, शब्दाची किंमत ओळखून. मग मागे वळून बायकांना म्हणाल्या, "चला गं. पोरगी खोटं बोलायची न्हाई." त्यानंतर नऊ जणींनी टोळी सोडली. काकूंच्या शब्दावर सोडली, आणि काकूंनी माझ्या.

खडूचं काम दिसायला सोपं. पांढरी प्लास्टरची पूड पाण्यात कालवायची, गोळी होऊ द्यायची नाही, आणि घट्ट व्हायच्या आत साच्यात ओतायची. साचा धातूचा, दोन पाकळ्यांचा, आत एकाशेजारी एक खोबणी. ओतायच्या आधी खोबणींना आतून रॉकेलमध्ये थोडं गोडं तेल मिसळून त्याचा हात फिरवायचा, म्हणजे खडू चिकटत नाही. मग साचा उघडायचा, खडू अलगद काढायचे, उन्हात वाळवायचे. शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत शिकवून गेला. बायका समाजमंदिरात बसायच्या. पहिल्या दिवशी मराठ्याच्या बायका एका भिंतीला आणि आमच्या समाजाच्या वस्तीतल्या बायका दुसऱ्या भिंतीला बसल्या होत्या. प्लास्टर तेवढा वेळ देत नाही. पाणी घातलं की जो हात जवळ असेल त्याने साचा धरावा लागतो. आठवड्याभरात भिंती कुणाच्या लक्षात राहिल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी मी गेले तर काकूंनी कॅलेंडरच्या पानाची पुडी माझ्या हातात ठेवली. आत आठ-दहा खडू, पांढरेशुभ्र, गुळगुळीत, देखणे. मी शाळेच्या फळ्यावर एक ओढून पाहिला. उमटेचना. फळा नुसता चकाकायला लागला, तळलेले पापड ठेवलेल्या कागदासारखा.

"काकू, हे काय घातलंय?"

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक जण तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "आवं बाई, त्यो मानूस म्हनला रॉकेल लावा. आता पोरं खडू खात्यात की वो. आमची बी खायची. पोटात रॉकेल जाईल लेकरांच्या. म्हनून आमी निस्तं गोडं तेल लावलं. आनि लय लावलं, म्हंजी निगायला बरं."

मी हसले, त्याही हसल्या, पोट दुखेपर्यंत हसलो. शाळेत जाणारं प्रत्येक पोर खडू खातं हे त्यांनी धरूनच चाललं होतं, आणि त्यावर इलाजही आपल्या मनाने केला होता. कुठल्याही अहवालात हे मला कधी सापडलं नसतं. पुढच्या खेपेला काकूंनी स्वतःच तोड काढली. तेलमिश्रण फडक्याला लावायचं, फडकं पिळायचं, आणि साच्यावरून नुसतं फिरवायचं. खडू चार दिवस ज्यादा वाळवायचे. असा खडू निघाला की गावच्या गुरुजींनी सबंध फळाभर पाढे लिहिले आणि म्हणाले, असला खडू मी नोकरीत पाहिला नाही, आणि तसं पत्रही लिहून दिलं.

ती पहिली पुडी मी कचेरीत नेली होती. साहेबांना डब्याच्या वेळी सगळी गंमत सांगितली, बायकांची नक्कल करून, पदर तोंडावर घेऊन. साहेब डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एक खडू घेऊन त्यांनी टेबलाच्या काचेवर ओढला. "बघ," म्हणाले, "याला म्हणतात माणसातून आलेलं नियोजन." पुडी त्यांनी आपल्या खणात ठेवली. मला फार आवडलं होतं ते. वाटलं, माणूस आपल्या कामाची आठवण जपतो आहे.

सगळा उन्हाळा बायकांनी खडू केले. समाजमंदिराच्या एका बाजूला खोकी रचली गेली. खोक्यावर काय छापायचं यावर दोन दिवस वाद झाला, शेवटी काही छापलं नाही. मी आठवड्याला एकदा एसटीने जायची, काकूंकडे जेवून परत यायची. काकू म्हणायच्या, जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिला खडू मी माझ्या हातानं गुरुजींना देणार. शाळेत त्या स्वतः तिसरीपर्यंतच गेल्या होत्या.

जून जवळ आला तेव्हा शाळांच्या खरेदीची फाईल काही आकडे भरण्यासाठी माझ्याकडे आली. फाईल दुसऱ्या खात्याची, फिरत फिरत आमच्या साहेबांच्या अभिप्रायाला येऊन गेलेली. फळा, खडू, डस्टर, नकाशे असा सगळा संच एकाच पुरवठादाराकडून घ्यायचा असं ठरलेलं होतं. बाहेरच्या जिल्ह्यातला पुरवठादार. मला आधी वाटलं, आमच्या साहेबांनी विरोध केला असणार, शेवटी हरले असतील. पान उलटलं तर त्यांचं अक्षर. तिरकं, सुंदर, मला हजारात ओळखू येणारं.

'स्थानिक महिला गटाच्या खडूचा नमुना पाहिला. खडू तेलकट असून फळ्यावर उमटत नाही. सबब खडूची वेगळी खरेदी न करता संच एकत्र घेण्यास हरकत नाही.'

आणि पानाच्या कोपऱ्याला टाचणीने लावलेली कॅलेंडरच्या कागदाची पुडी.

पुडी उघडायची गरज नव्हती, तरी उघडली. आतले खडू अजून तितकेच गुळगुळीत होते. मी तशीच फाईल घेऊन साहेबांच्या खोलीत गेले. ठोठावलंही नाही.

"साहेब, हे खडू मी तुम्हाला हसण्यासाठी आणून दिले होते."

ते दचकले नाहीत. खुर्चीकडे हात केला. "बसा."

मी बसले नाही. "नंतरचे खडू चांगले झाले. तुम्हाला माहीत आहे. मी सांगितलं होतं तुम्हाला. गुरुजींचं पत्र आणून दिलं होतं."

"माहीत आहे."

"मग हे असं का लिहिलंत?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला. मग मला ते नेहमीच्याच आवाजात, शिकवताना वापरायचे त्या आवाजात समजावायला लागले. संच एकत्र घ्यायचं वर आधीच ठरलेलं होतं. ते कुणाच्या बापाला बदलता आलं नसतं. पण उद्या कुणी विचारलं असतं, तालुक्यात खडू होत असताना बाहेरून का घेतलात, तर कागदावर उत्तर हवं होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते, कारण दोन योजना जोडायची कल्पना त्यांच्याच नावाने वर गेली होती. (हेही मला तेव्हाच कळलं.) "उत्तर तूच आणून दिलंस," ते म्हणाले. "मी खोटं लिहिलेलं नाही. नमुना तेलकटच होता."

"आणि त्या बायका?"

"त्यांचं काय बिघडलं? गट झाला, प्रशिक्षण झालं, साचे मिळाले. आपल्या रकान्यात सगळं शंभर टक्के आहे. विक्री आपल्या रकान्यात नाही."

कालव्यापासून शेतापर्यंतची चारी कुणाच्याच यादीत नसते हे मला शिकवणारा हाच माणूस. मी तोंडावर म्हणाले, "तुम्हाला तर कळत होतं." त्यांनी चहा मागवला. दोन कप आले. मी प्याले नाही, पण उठूनही गेले नाही. खरं सांगायचं तर तिथेच मला नोकरीची भीती वाटली होती आणि मी खाली बसले होते.

ज्याला कळत नाही तो चुकतो, त्याचा मला राग येत नाही. सगळं कळून, सगळा इतिहास तोंडपाठ असून, वेळ आली की आपला रकाना तेवढा भरून घेणारा माणूस मला आजही सहन होत नाही. नियोजनावर पुढे मी पुष्कळ वाचलं. आकडे चुकले, पैसा कमी पडला, पाऊस आला नाही, सगळी कारणं वाचली. कळणाऱ्या माणसाची स्वतःची गैरसोय टाळण्याची ही धडपड मला कुठे लिहिलेली दिसली नाही.

मी गावाला गेले. एसटीत ठरवून टाकलं होतं की सगळं सांगायचं. समाजमंदिरात दहाही जणी बसल्या होत्या, खोकी नीट पुसून ठेवलेली. मी म्हणाले, यंदा वरून खरेदी झाली, आपलं जमलं नाही, पुढच्या वर्षी बघू. पुडीचं सांगितलं नाही. तुमची गंमत मी साहेबाला सांगितली आणि त्याने तीच तुमच्याविरुद्ध लिहिली, हे माझ्या तोंडून निघालं नाही. एका बाईने विचारलं, "आमच्या खडूत काय खोट होती का?" मी म्हणाले, "नाही, नाही. खोट काही नव्हती."

नऊ जणी पुन्हा खुरपणीला गेल्या, पण जुन्या टोळीत जागा नव्हती. लांबच्या गावातल्या टोळीत मिळाली, पहाटे उठून चालत जायच्या. खडूची खोकी त्या पावसाळ्यात ओल धरून गेली.

इथे हे संपलं असतं तर मी आज लिहायला बसले नसते. पण आमच्या रकान्यात सगळं शंभर टक्के होतं ना. वर्षाचा अहवाल मीच लिहिला. 'यशस्वी गट' या मथळ्याखाली आमच्या गटाचं नाव घालायला साहेबांनी सांगितलं आणि मी घातलं, माझ्या अक्षरात. अहवाल पुण्याला गेला, तिथून सांगलीला. पुढच्या हिवाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या बायकांची एक गाडीभर सहल यशस्वी गट बघायला आली.

आदल्या दिवशी मी काकूंकडे गेले. साचे बाहेर काढावे लागतील, एक दिवस बायकांना यावं लागेल, हे सांगताना माझी मान वर होत नव्हती. काकूंनी एवढंच विचारलं, "न्हाई केलं तर तुमास्नी त्रास हुईल काय?"

"होईल."

"मग करतो की," त्या म्हणाल्या. "तुमी लय धावपळ केलीसा आमच्यासाठी. आमाला दिसत न्हवतं व्हय?"

त्या क्षणी तरी सांगायचं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बायका खाडा करून आल्या. काकूंनी प्लास्टर कालवलं, फडकं पिळून साच्यावरून फिरवलं, खडू काढून दाखवले. सांगलीच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. त्यांच्यात जतकडची एक बाई होती, उंच, कानडी वळणाचं बोलणारी. बाकीच्या खडूकडे बघत होत्या, ती काकूंकडे बघत होती.

"अक्का," ती म्हणाली, "ह्ये सगळं खरं. पर खडू घेतंय कोन तुमचं?"

साहेब दारात उभे होते, सांगलीच्या साहेबांबरोबर. मी काकूंच्या शेजारी. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलायचं होतं असं मी म्हणू शकते, त्याला पुरावा काही नाही. मी हातातल्या खडूकडे बघत राहिले.

"शाळा घेत्यात की," काकू म्हणाल्या. "कोन घेणार दुसरं?"

आमच्या नऊ जणींपैकी कुणीही तोंड उघडलं नाही. जतच्या बाईने मान डोलावली. तिला दुसरं काही विचारायचं नव्हतं. गाडी गेल्यावर मी काकूंना विचारलं, असं का बोललात. त्या साचा धुवत होत्या. म्हणाल्या, "तुमचा सायेब हुबा व्हता न्हवं तितं. तुमची नोकरी हाय. आमचं तर काय, हुयाचं ते हुन गेलं."

पुढे तीन-साडेतीन वर्षांनी माझी बदली झाली आणि कामानिमित्त सांगलीला फेऱ्या सुरू झाल्या. एका दुपारी सांगलीच्या स्टँडवर बाकावर बसले होते तर एक उंच बाई समोर येऊन थांबली. मी ओळखलं नाही, तिने ओळखलं.

"तुमी साताऱ्याच्या बाई न्हवं? खडूवाल्या?"

जतची ती बाई शेजारी बसली. रागावलेली नव्हती, दमलेली होती. त्यांच्याकडे गट झाला होता. एक नव्हे, आसपासच्या गावांत मिळून कितीतरी झाले. साचे आले, प्लास्टर आलं, बायकांनी हळदीची कामं सोडली. खडू कुणी घेतले नाहीत. गावातल्या लोकांनी बोलून बोलून हैराण केलं. त्यांच्या गटात एक विधवा होती, तिच्या दिराने तिला त्याच कारणावरून घराबाहेर काढलं, असं ती सांगत होती. मी नुसती 'अरेरे' म्हणत होते.

"सायबलोक सांगत्यात त्याच्यावर आमी इस्वास ठेवत न्हाई वो," ती म्हणाली. "आमाला बी कळतंय. आमी बसलो ते त्या अक्काच्या शब्दावर. बाईमानसानं बाईमानसाला तोंडावर सांगितलं, मग आमी काय समजायचं?"

ती माझ्याकडे वळली.

"ती अक्का खोटं का बोलली वो? आमी काय वाकडं केलतं तिचं?"

उत्तर माझ्याजवळ होतं. दोन वाक्यांचं होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलली, आणि मी शेजारी उभी राहून बोलू दिलं. आता साहेब दारात उभे नव्हते. माझ्या नोकरीला कसलाही धोका नव्हता. ती बाई मला काही करू शकत नव्हती.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं, हातातली पिशवी उचलली. "लय वाईट बाई," ती काकूंबद्दल म्हणाली, आणि तेही मी ऐकून घेतलं.